विश्लेषण : सोलर वॉटर हीटर भाड्याने मिळाला तर? सोलापूरच्या घरांना तो परवडेल का?

सोलापुरात ऊन वर्षभर फुकट आहे. तरीही गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे पारा खाली घसरतो तेव्हा शहराच्या पूर्व भागात आणि हद्दवाढीतल्या वसाहतींत अंघोळीचे पाणी तापते ते विजेच्या रॉडवर, गॅसवर, नाहीतर तुराट्या-पऱ्हाट्या घातलेल्या बंबात. छतावरचा सोलर वॉटर हीटर दिसतो तो बंगल्यांवर, रुग्णालयांवर, लॉजवर. कारण एकच, सुरुवातीला एकरकमी मोजावे लागणारे वीसेक हजार रुपये. मग हेच यंत्र पाण्याच्या आरओसारखे महिन्याच्या भाड्याने दिले तर? कल्पना सोपी वाटते. आकडे मांडले की ती काही घरांत चालते, काही घरांत अजिबात चालत नाही, आणि ती कुठे चालेल हे यंत्राच्या किमतीपेक्षा इतर गोष्टींवर जास्त अवलंबून आहे, असे दिसते.

हा विषय आताच का?

गेल्या दोन वर्षांत घरगुती सौरऊर्जेचे अर्थकारण बदलले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरे आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. त्यावर राज्य सरकारने महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वीज वापरणाऱ्यांसाठी ‘स्मार्ट’ ही पूरक योजना आणली. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला त्यात एक किलोवॉटच्या संचासाठी स्वतःचे जेमतेम अडीच हजार रुपये घालावे लागतात.

हे सगळे अनुदान वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणारा सौर संच त्यात नाही. एकेकाळी होता. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मोहिमेत २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर क्षेत्रफळाचे सौर औष्णिक संग्राहक बसवण्याचे उद्दिष्ट होते आणि घरगुती वॉटर हीटरला भांडवली अनुदान मिळत होते. २०१४ मध्ये ते बंद झाले. या तंत्रज्ञानाला आता आधाराची गरज नाही, असा त्यामागचा विचार होता. मध्यमवर्गाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. विडी कामगाराच्या घरापर्यंत मात्र हीटर तोवर पोहोचलाच नव्हता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, एवढाच अलीकडचा दिलासा. वीस हजारांच्या यंत्रावर त्यातून हजार-बाराशे रुपये वाचतात. एकरकमी रकमेची अडचण त्याने सुटत नाही.

एका घराला गरम पाणी लागते तरी किती?

शंभर लिटरचा सोलर हीटर वर्षाला १५०० युनिटपर्यंत वीज वाचवतो, असे सरकारी पत्रकांत आणि विक्रेत्यांच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. हा आकडा खोटा नाही, पण तो कुठून येतो हे पाहायला हवे. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण चार युनिट ऊर्जा लागते. त्याला ३६५ ने गुणले की १५०० येतात. म्हणजे घरातील माणसे वर्षातील प्रत्येक दिवशी, अगदी मे महिन्यातही, साठ अंशांचे शंभर लिटर पाणी वापरून संपवतात, असे या आकड्याने गृहीत धरलेले असते.

सोलापुरातील घर असे वागत नाही. इथे अंघोळ बादलीने होते. एका बादलीत अठरा लिटर पाणी धरले आणि ते ४० अंशांचे, म्हणजे अंगाला सोसेल इतके कढत असले, तर पाच माणसांना ९० लिटर पाणी लागेल. हिवाळ्यात नळाचे पाणी २२ अंशांच्या आसपास असते. ते चाळीसवर न्यायला दीड ते दोन युनिट पुरतात. शिवाय मार्च ते जून हे चार महिने गरम पाण्याची गरज जवळपास नसते. उलट दुपारी छतावरच्या टाकीचे पाणी निवण्याची वाट पाहावी लागते. म्हणजे खरा वापर आठ महिन्यांचा. २४० दिवस आणि रोज सरासरी पावणेदोन युनिट धरले तर वर्षाला सुमारे ४२० युनिट होतात. जाहिरातीतल्या आकड्याच्या एक-तृतीयांशाहूनही हे कमी आहे.

भाड्याची कोणतीही योजना या ४२० युनिटांवर बेतावी लागेल. १५०० धरून आखलेली योजना पहिल्याच उन्हाळ्यात बुडेल.

मग बचत रुपयांत किती?

ते घर पाणी कशावर तापवते, यावर बचत ठरते. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना साधारण सहा रुपयांच्या आसपास दर पडतो आणि १०१ ते ३०० युनिटांच्या टप्प्यात तो जवळपास दुप्पट होतो. रॉड वापरूनही ज्यांचे बिल शंभर युनिटांच्या आत राहते, त्यांची वर्षाची बचत अडीच हजार रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी २१०. रॉडमुळे किंवा गिझरमुळे जे घर शंभरी ओलांडते, त्याची बचत महिन्याला ४०० रुपयांपर्यंत जाते.

गॅसवर पाणी तापवणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे. सिलिंडरमधील १४.२ किलो गॅसची सगळी उष्णता पातेल्यात जात नाही, साधारण साठ टक्केच जाते. त्या हिशेबाने वर्षाला अंघोळीपायी चार सिलिंडर जळतात. साडेआठशे रुपयांच्या दराने महिन्याला सरासरी २८० रुपये. उज्ज्वला योजनेत सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळणाऱ्या घरात हाच आकडा १८० च्या आसपास येतो.

बंबाचा हिशेब रुपयांत बसत नाही. तुराट्या गावाकडून येतात, लाकडाच्या ढलप्या वखारीतून, नारळाच्या शेंड्या देवळाबाहेरून. खर्च होते ती घरातील बाईची पहाट आणि तिची फुप्फुसे. दिवसभर तंबाखूच्या भुकटीत बसून विडी वळणाऱ्या बाईच्या बाबतीत ही फुकटची लाकडे प्रत्यक्षात सर्वात महाग असू शकतात. पण भाडे वसूल करणाऱ्याला ती बचत दाखवता येत नाही आणि तिच्या जोरावर हप्ताही मागता येत नाही.

भाडे किती पडेल?

शंभर लिटरचा काचनळ्यांचा संच स्टँड, नळजोडणी आणि बसवण्याच्या खर्चासह २० हजार रुपयांना पडला असे धरू. ही रक्कम दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत वसूल करायची, तर महिन्याला सुमारे २६५ रुपये होतात. त्यात देखभालीचे ५० रुपये मिळवले की ३१५.

आता आधीचे आकडे शेजारी ठेवा. शंभर युनिटांच्या आतल्या घराची बचत २१०, उज्ज्वलाच्या घराची १८०, पूर्ण दराच्या गॅसची २८०. यापैकी कुणालाही ३१५ रुपये भाडे परवडत नाही. ते परवडते फक्त शंभरी ओलांडणाऱ्या घराला, आणि अशी घरे बहुधा स्वतःच्या पैशाने किंवा कर्जाने हीटर घेऊ शकतात. भाडे योजना ज्यांच्यासाठी हवी, नेमके त्यांनाच ती परवडत नाही. अनेक चांगल्या हेतूच्या योजना या टप्प्यावर थांबतात.

मग वाट कुठे आहे?

ती यंत्राच्या आकारात आहे. टाकीत साठ अंशांचे शंभर लिटर पाणी असेल, तर त्यात थंड पाणी मिसळून चाळीस अंशांचे सुमारे २१० लिटर पाणी मिळते. म्हणजे साधारण साडेअकरा बादल्या. पाच माणसांच्या एका घराला पाच बादल्या लागतात. शंभर लिटर ही बाजारातील सर्वात छोट्या आकारांपैकी एक टाकी, आणि तीही बादलीने अंघोळ करणाऱ्या दोन कुटुंबांना पुरते. हा आकार शॉवरच्या बाथरूमसाठी ठरला आहे, वाड्यातल्या मोरीसाठी नाही.

दोन घरांत एक संच दिला की भाडे प्रत्येकी १५७ रुपयांवर येते. आता उज्ज्वलाचे घरही किंचित फायद्यात जाते. व्याज दहाऐवजी पाच टक्के मिळाले तर भाडे १३१ रुपयांपर्यंत उतरते आणि खऱ्या अर्थाने हातात काहीतरी उरते. म्हणून सरकारने मदत करायचीच असेल, तर यंत्राच्या किमतीवर सरसकट अनुदान देण्यापेक्षा व्याजाचा भार उचलणे जास्त नेमके ठरेल. वीस हजारांच्या कर्जावर पाच टक्के व्याजसवलतीचा भार सरासरी वर्षाला सहाशे-साडेसहाशे रुपयांच्या आसपास येतो.

वसुलीचा मोसमही ठरवावा लागेल. एप्रिल-मे महिन्यात, नळालाच चटका बसत असताना, गरम पाण्याचे भाडे कुणी आनंदाने देणार नाही. जुलै ते फेब्रुवारी असे आठ महिने २३५ रुपये आणि उरलेले चार महिने काहीच नाही, ही रचना वार्षिक हिशेबात तेवढीच पडते आणि लोकांच्या मनाला पटते. यंत्रमाग कामगारांचा पगार आठवड्याला होतो. त्यांच्याकडून भाडेही आठवड्याला घेणे सोयीचे, मग ते साठ रुपयांच्या आत बसते.

सामायिक यंत्रात भांडणे होणार नाहीत का?

होतील. पहाटे आधी कोण, शेवटच्याला कोमट पाणी का, पाहुणे आले तर काय, हे प्रश्न सामायिक नळावर पिढ्यान्‌पिढ्या सुटत किंवा न सुटत आले आहेत. पण तांत्रिक बाजूने बादली इथे मदतीला येते. लांबच्या नळीतून गरम पाणी यायला वेळ लागतो आणि आधीचे थंड पाणी वाया जाते, ही सौर हीटरबद्दलची नेहमीची तक्रार. दहा मीटर अर्ध्या इंची नळीत दीड-पावणेदोन लिटर पाणी असते. शॉवरखाली ते वाहून जाते. बादलीत ते पहिल्यांदा पडते, मागून कढत पाणी येते आणि दोन्ही मिसळतात. प्रत्येक घराला स्वतंत्र नळ आणि त्यावर साधे पाणीमीटर बसवले, तर वादाचा बराच भाग आकड्यांवर येतो.

सोलापूरची खरी अडचण कोणती?

पाणी. छतावरचा हीटर विजेशिवाय चालतो, कारण तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते आणि थंड पाणी खाली नळ्यांत उतरते. पण त्यासाठी नळ्या आणि टाकी कायम भरलेली हवी, म्हणजे हीटरच्या वर थंड पाण्याची आणखी एक टाकी हवी आणि तिच्यात सतत पाणी हवे. उजनी धरणातून पाणी घेणाऱ्या सोलापूर शहरात अनेक भागांना चार-पाच दिवसांआड पाणी येते. घरे ते हौदात, पिंपात, सिन्टेक्समध्ये साठवून पुरवून वापरतात. चौथ्या दिवशी वरची टाकी रिकामी झाली, दुपारभर काचनळ्या कोरड्या तापल्या आणि संध्याकाळी पाणी आल्यावर कुणी मोटार सुरू केली, तर तापलेल्या काचेवर थंड पाणी पडते आणि नळी तडकते. एक नळी बदलायला काही शे रुपये लागतात. चार नळ्या फुटल्या की वर्षभराचा देखभालीचा पैसा संपला.

पाणी कमी पडले की लोक बोअरचे पाणी टाकीत सोडतात. त्यातले क्षार गरम होताना साचतात. तांब्याच्या बारीक नळ्या असलेल्या सपाट पॅनेलच्या संचात ते अडकून बसतात. काचनळ्यांच्या संचात जागा जास्त असल्याने तो तुलनेने तगतो, पण त्यालाही वर्ष-दोन वर्षांनी साफसफाई लागते. विकत घेतलेल्या यंत्रात हा सगळा त्रास मालकाचा. भाड्याच्या यंत्रात तो योजना चालवणाऱ्याचा. त्यामुळे भाडेपद्धतीचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. यंत्र बंद पडले की भाडे थांबते, म्हणून ते चालू ठेवण्यात देणाऱ्याचा स्वार्थ असतो. फुकट वाटलेल्या यंत्रात असा स्वार्थ कुणाचाच नसतो. दक्षिण आफ्रिकेत गरीब वस्त्यांमध्ये मोफत सौर गिझर मोठ्या संख्येने बसवले गेले आणि देखभालीअभावी त्यांतले अनेक छतावर नुसते उभे राहिले.

छप्पर हा दुसरा प्रश्न. शंभर लिटरचा भरलेला संच दीडशे किलोच्या आसपास जातो. जुन्या पेठांतली माळवदाची घरे आणि पत्र्याची घरे तो पेलत नाहीत. तिथे जमिनीवरून लोखंडी स्टँड उभारावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा.

म्हणजे योजना कुठे जमेल?

जिथे पक्की गच्ची, सामायिक टाकी आणि एकत्र राहणारी बरीच घरे आहेत तिथे. सोलापूरजवळ कुंभारीत अशी जागा आहे. असंघटित कामगारांसाठीच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ९ जानेवारी २०१९ रोजी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या १५ हजार घरांचे वाटप झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारातून झालेल्या या वसाहतीत विडी, यंत्रमाग, बांधकाम कामगार, कचरा वेचणारे राहतात. त्याआधी २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते महिला विडी कामगारांना दहा हजार घरे देण्यात आली होती. दोन्ही वसाहती सहकारी संस्थांच्या माध्यमातून उभ्या राहिल्या. म्हणजे सभासदांची यादी आणि वर्षानुवर्षे हप्ते भरण्याची सवय या दोन्ही गोष्टी, ज्या भाडे योजनेला सर्वात आधी लागतात, तिथे तयार आहेत.

पॅनेल जवळपास फुकट मिळत असताना हीटर कशाला?

हा या विषयातला सर्वात कठीण प्रश्न आणि त्याचे प्रामाणिक उत्तर हीटरच्या बाजूने नेहमीच जात नाही. स्वतःचे स्वतंत्र पक्के छप्पर असलेल्या गरीब घराला अडीच हजारांत एक किलोवॉटचे पॅनेल मिळत असेल, तर त्याने ते घ्यावे. महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट तयार होतात, त्यात पंखा, टीव्ही आणि पाण्याचा रॉड सगळे भागते. तिथे १५७ रुपये भाड्याच्या हीटरला जागा नाही.

इमारतीत राहणाऱ्यांचे गणित मात्र उलटे आहे. एक किलोवॉटला साधारण दहा चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. तीस-छत्तीस घरांच्या इमारतीवर प्रत्येकाला तेवढी जागा देणे अशक्य. शंभर लिटरचा हीटर दोन चौरस मीटरच्या आसपास जागा घेऊन दोन घरांची अंघोळ भागवतो, कारण पडणाऱ्या उन्हातील निम्म्याच्या आसपास उष्णता तो पाण्यात उतरवतो. पॅनेल जेमतेम वीस टक्क्यांची वीज करते. शिवाय वेळेचा प्रश्न आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत सवलत मिळते. रॉड लागतो तो पहाटे पाच ते आठमध्ये. हीटर मात्र कालचे ऊन टाकीत साठवून पहाटे देतो.

वसुली कोण करणार?

जगात जिथे ही गोष्ट जमली, तिथे वसुली वीजबिलातून झाली. ट्युनिशियाने २००५ मध्ये ‘प्रोसोल’ योजना आणली. बँकेने कर्ज दिले, सरकारने वीस टक्के अनुदान दिले आणि हप्ता पाच वर्षे सरकारी वीज कंपनीच्या बिलातून कापला गेला. हप्ता थकला तर वीज तुटण्याची भीती असल्याने बुडीत कर्ज कमी राहिले आणि पाच-सहा वर्षांत लाखाच्या घरात संच बसले. अमेरिकेत फ्लोरिडातील लेकलँड या शहराच्या पालिकेच्या वीज कंपनीने १९९० च्या दशकाअखेर एक पाऊल पुढे टाकले. हीटर कंपनीचा, छत ग्राहकाचे, पैसे वापरलेल्या गरम पाण्याचे.

महावितरणला हे नवे नाही. २०१५ नंतर ‘उजाला’ योजनेत एलईडी बल्बचे हप्ते वीजबिलातूनच घेतले गेले. शेजारच्या कर्नाटकात सौर हीटर असलेल्या घराला बिलात युनिटमागे ५० पैसे, कमाल ५० रुपये सूट मिळते. पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते. पण सूट आणि सवलत ज्याच्याकडे यंत्र आहे त्याला मिळते. भाड्याच्या यंत्रासाठी बिलात स्वतंत्र ओळ लागेल आणि त्याला राज्य वीज नियामक आयोगाची मान्यता लागेल. सूर्यघर योजनेत मात्र तिसऱ्याच संस्थेने पॅनेल बसवून सेवेचे पैसे घेण्याच्या पद्धतीला केंद्राने मान्यता दिली आहे आणि थकबाकीच्या जोखमीसाठी १०० कोटींचा निधीही ठेवला आहे. त्याच नियमात ‘सौर औष्णिक’ हे दोन शब्द आले, तर एखाद्या पतसंस्थेला किंवा बचत गटांच्या महासंघाला सोलापुरात शे-दोनशे संचांपासून सुरुवात करता येईल. पहिली चाचणी कुठे घ्यायची हे ठरवायला फार शोधावे लागणार नाही. पाण्याची टाकी कायम भरलेली राहते अशी इमारत आधी शोधावी लागेल.